डेमिलिचचा 'नेस्पिथे' पहिल्यांदा ऐकताना

फिनलंडच्या पूर्व भागात, तळ्यांच्या मुलखात कुओपिओ हे शहर आहे. तिथल्या डेमिलिच या बँडने १९९३ साली 'नेस्पिथे' हा अल्बम काढला आणि त्यानंतर थोड्याच काळात बँड थांबला. पूर्ण लांबीचा असा हा एकच अल्बम. टेक्निकल डेथ मेटलची, म्हणजे घोगऱ्या आवाजाच्या, गुंतागुंतीच्या रचनेच्या जड मेटल संगीताची गोष्ट निघाली की आजही अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या बँडांची नावं आधी येतात, आणि 'नेस्पिथे'चं नाव निघेपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतक्या वेगळ्या चालीची डेथ मेटल मी दुसरीकडे ऐकलेली नाही. पण पहिल्या ऐकण्यात तो हाती लागत नाही, म्हणून थोडी तयारी करून बसा.

आधी साधनं. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. गिटार आणि गायकाचा आवाज दोन्ही खालच्या पट्टीत आहेत, आणि छोट्या स्पीकरमधून नेमकी तीच पट्टी गळून जाते. साधे हेडफोन पुरतात. 'बेस बूस्ट' (खालचे सूर फुगवणारी सोय) मात्र बंद ठेवा, नाहीतर गिटारचे सूर एकमेकांत कालवले जातात.

मग आवाजाशी ओळख करून घ्या. बहुतेक लोक इथेच अडखळतात. बँडचा गायक अँटी बोमन गातो ते नेहमीच्या डेथ मेटलसारखं ओरडणं नाही. रांजणाच्या तळाशी काहीतरी खदखदावं, लांबलचक ढेकर यावी, तसा तो स्वर आहे. हे यंत्राने केलेलं नाही, आवाजावर कुठलेही इफेक्ट वापरलेले नाहीत. त्यात शब्द शोधायला जाऊ नका, कान थकतील. दोन गिटार, बेस आणि ड्रम यांच्या जोडीला हे पाचवं वाद्य आहे असं समजा. दोनतीन मिनिटांत लक्षात येईल की तो आवाज रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या, वळणांना धरून चालला आहे.

आता एकच गाणं घ्या. पहिलंच घ्या, 'व्हेन द सन ड्रँक द वेट ऑफ वॉटर'. ते तीनदा ऐका. पहिल्या वेळी फक्त ड्रमकडे लक्ष द्या. ड्रमर मिक्को विर्नेस कुठे सुसाट सुटतो आणि कुठे अचानक पाय रोवून जड ठेका धरतो, ते पाहा. दुसऱ्या वेळी फक्त गिटार. हे रिफ सरळ चालत नाहीत. शेजारशेजारच्या सुरांवरून सरपटत जातात आणि आता संपले असं वाटतं तिथून पुढे सरकतात. तालाची सवय असलेला माणूस इथे सम शोधत बसतो आणि चुकतो. मात्रा मोजण्याचा हट्ट सोडा. त्याऐवजी एक रिफ किती वेळा फिरून येतो आणि कितव्यांदा बदलतो, तेवढं बोटांवर मोजा. तिसऱ्या वेळी काहीच मोजू नका. मघाशी गोंधळ वाटलेल्या जागी आता तुम्हाला वळण आधीच कळलेलं असेल. मला या अल्बममधला सगळ्यात मोठा आनंद त्या क्षणाचा वाटतो.

'टेक्निकल' म्हटलं की वेग आणि बोटांची कसरत डोळ्यांसमोर येते. इथे गिटारच्या लांबलचक सोलोंचा, म्हणजे एकट्याने वाजवलेल्या तुकड्यांचा, दिमाख नाही. अवघडपणा रचनेत आहे, म्हणून तो कानाला हळूहळू उलगडतो.

एवढं झालं की त्या दिवशी थांबा. दुसऱ्या दिवशी पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐका. ११ गाणी, साधारण ३९ मिनिटं. मधे गाणी पुढेमागे करू नका.

गाण्यांची नावं आणि शब्द यानंतर वाचा. नावं विलक्षण लांब आहेत. दुसऱ्याच गाण्याचं नाव 'द सिक्स्टीन्थ सिक्स-टूथ सन ऑफ फोर्टीन फोर-रीजनल डायमेन्शन्स'! अल्बमचं नाव म्हणजे पाठीचा कणा या अर्थाच्या 'द स्पाइन' या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांची उलटापालट. आधी वाचलंत तर लक्ष नावांच्या विचित्रपणात अडकतं.

अल्बम मिळवणं अवघड नाही. बँडने तो पुढे आपल्या संकेतस्थळावरून फुकट दिला होता. २०१४ मध्ये फिनलंडच्याच स्वार्ट रेकॉर्ड्सने '२०थ अ‍ॅडव्हर्सरी ऑफ एम्प्टिनेस' नावाचा संग्रह काढला, त्यात 'नेस्पिथे'बरोबर बँडचे जुने डेमोही (अल्बमआधीची कच्ची ध्वनिमुद्रणं) आहेत. अल्बम अंगवळणी पडला की १९९१ आणि ९२ चे ते डेमो लावा. 'नेस्पिथे'मधली काही गाणी तिथे कच्च्या रूपात भेटतात. ध्वनिमुद्रण खरबरीत आहे, पण तोवर ते रिफ तुमच्या ओळखीचे झालेले असतील आणि बदललेली जागा कानाला लगेच सापडेल.