विमान वाहतुकीच्या सेफ्टी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात एरोनॉटिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेले, एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्सच्या परीक्षा देत असलेले आणि विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये नुकतेच लागलेले तरुण मला वारंवार विचारतात, की सेफ्टी विभागात यायचे तर काय शिकावे लागते. लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, लाइन मेंटेनन्समध्ये (दोन उड्डाणांमधल्या देखभालीत) काही वर्षे काम करून मी या विभागात आले, त्यामुळे उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर आधी हँगर आणि एप्रन (विमाने उभी करण्याची जागा) येतात आणि नंतर मॅन्युअल. मॅन्युअल महिन्याभरात वाचून होते. ज्याने काही चुकीचे पाहिले आहे, त्याला ते निर्धास्तपणे सांगावेसे वाटेल अशी व्यवस्था उभी करणे आणि टिकवणे हे मात्र वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि या नोकरीचा खरा भार त्यावरच आहे असे माझे मत आहे.

अभ्यासाची सुरुवात आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, ॲनेक्स १९ (नियमांच्या एकोणिसाव्या परिशिष्टा) पासून करावी. ते नोव्हेंबर २०१३ मध्ये लागू झाले. त्याआधी याच तरतुदी निरनिराळ्या ॲनेक्समध्ये विखुरलेल्या होत्या. सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे रोजच्या भाषेतले एसएमएस, त्यात चार घटकांत मांडलेले आहे: सुरक्षेचे धोरण व उद्दिष्टे, जोखमीचे व्यवस्थापन, सुरक्षेची खातरजमा आणि सुरक्षेचा प्रसार. त्यांचे बारा उपघटक मुलाखतीत हमखास विचारतात, ते पाठ असावेत. भारतात याच विषयावर डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाचे, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन १, सीरीज सी, पार्ट १ आहे. एएमईच्या अभ्यासक्रमातले ह्यूमन फॅक्टर्सचे (माणसाच्या मर्यादा आणि चुका यांविषयीचे) नववे मॉड्यूल पुष्कळ जण पास होण्यापुरते वाचतात. सेफ्टीत यायचे असेल तर तेच सर्वांत मन लावून वाचावे.

नव्या माणसाची पहिली अडचण हॅझर्ड, म्हणजे धोक्याचे मूळ, नेमका ओळखण्यात येते. पुण्याचेच उदाहरण घेऊ. रिपोर्टमध्ये ‘बर्ड हिटचा हॅझर्ड’ असे लिहिलेले नेहमी दिसते; पण पक्षी विमानाला धडकणे हा परिणाम झाला. हॅझर्ड म्हणजे धावपट्टीच्या आसपास उघड्यावर पडलेला कचरा आणि मांसाचे टाकाऊ तुकडे, ज्यांच्यावर घारी येतात. परिणामालाच हॅझर्ड म्हटले की उपाय म्हणून फक्त फटाके वाजवून पक्षी उडवणे सुचते. कचऱ्याला हॅझर्ड म्हटले की विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरांची कत्तल करण्यास मनाई करणारा विमान नियमांतला ९१ वा नियम आठवतो, आणि बोलणी महापालिकेशी करावी लागणार हे लक्षात येते. त्यानंतरच रिस्क मॅट्रिक्स, म्हणजे जोखीम मोजण्याचा तक्ता, उघडावे. त्यात शक्यतेला ५ ते १ आणि तीव्रतेला ए ते ई असे दर्जे असतात, आणि ‘४बी’ किंवा ‘२डी’ असे उत्तर लगेच हाती येते. पण मुळात हॅझर्डच चुकीचा लिहिला असेल तर त्या उत्तराला काहीही किंमत राहत नाही.

लोहगावची आणखी एक गोष्ट इथे काम करणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावी. हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. त्याशिवाय विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंगवाले, इंधन भरणारे आणि केटरिंगवाले अशा प्रत्येकाची व्यवस्था वेगळी असते. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेल्या एका एअरबस ए३२१ च्या वैमानिकांना टेकऑफच्या धावेत पुढे जीप आणि माणूस दिसला, म्हणून त्यांनी विमान नेहमीच्या क्षणाआधीच उचलले. विमान दिल्लीला सुखरूप उतरले, परंतु शेपटाकडील भागावर घासल्याच्या खुणा आढळल्या. अशा घटनेत वाहन आणि विमान यांच्यामध्ये किती संस्था, किती परवानग्या आणि किती रेडिओ संदेश येतात, याचा कागदावर आराखडा काढून पाहावा; दोन संस्थांच्या सीमेवरचा हॅझर्ड एकाच संस्थेच्या रजिस्टरमध्ये मावत नाही, हे त्यातून चांगले समजते.

रिपोर्टिंगचे महत्त्व सांगण्यासाठी मी प्रत्येक नव्या तुकडीसमोर एकच घटना ठेवते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे ५१४ क्रमांकाच्या उड्डाणाचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि विमानातील सर्व ९२ जण मृत्यू पावले. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी, त्याच मार्गाने उतरताना, युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे एक विमान, उतरण्याच्या परवानगीचा तसाच चुकीचा अर्थ लागल्याने, त्याच उंचीकडे खाली आले होते आणि थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले. पण दुसऱ्या कंपन्यांपर्यंत ती माहिती पोहोचवण्याचा रस्ताच तेव्हा अस्तित्वात नव्हता. या अपघातानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत नासाकडे गोपनीय रिपोर्ट गोळा करण्याचे काम सोपवण्यात आले. नियामकाऐवजी नासाची निवड झाली, कारण शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे माणूस आपली चूक सहजासहजी कबूल करत नाही.

मेंटेनन्समधून येणाऱ्यांनी १० जून १९९० ची ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणाची घटना मुळापासून वाचावी. बर्मिंगहॅमहून निघालेल्या त्या बीएसी वन-इलेव्हनची कॉकपिटची काच सुमारे १७,३०० फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले, विमान साउदॅम्प्टनला उतरले आणि कॅप्टन वाचले. काच रात्रपाळीत बदललेली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ ठरलेल्यापेक्षा बारीक व्यासाचे होते आणि उरलेले सहा आखूड होते. ज्याने ते बसवले तो अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने जुना बोल्ट पुढे धरून नजरेने जोड शोधली. आधीच्या काचेलाही मुळात आखूड बोल्टच होते आणि त्यावर विमान कित्येक वर्षे उडत होते. शिवाय हे काम दुसऱ्याने तपासावे अशी अटच नव्हती. त्या मॅनेजरला काढून टाकले असते तरी यांतले एकही कारण हलले नसते.

जस्ट कल्चरचा, म्हणजे चूक करणाऱ्याशी न्यायाने वागण्याचा, प्रश्न इथेच सुरू होतो, आणि तो सोपा नाही. जाणूनबुजून, बेफिकिरीने धोका पत्करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. प्रामाणिक चुकीला शिक्षा होता कामा नये. या दोहोंमधली रेषा काढताना एक प्रश्न उपयोगी पडतो: तेवढेच प्रशिक्षण झालेला दुसरा माणूस त्याच रात्री, त्याच उजेडात, त्याच घाईत असता, तर त्याने वेगळे काही केले असते का? उत्तर ‘बहुधा नाही’ असेल तर शोध माणसावर थांबवू नये. ही चर्चा व्यवस्थापनासमोर ठामपणे करता येणे हे सेफ्टी ऑफिसरचे कौशल्य आहे, आणि ते कोणत्याही कोर्समध्ये पूर्णपणे शिकवता येत नाही.

माझ्या अनुभवात रिपोर्ट न येण्याची कारणे भीतीपेक्षाही साधी असतात. मी जिथे काम केले त्या एका ठिकाणी हॅझर्ड रिपोर्टचा फॉर्म लांबलचक इंग्रजीत होता आणि एप्रनवरच्या लोडर आणि टग (ओढगाडी) चालवणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी तो भरायचा. तोच फॉर्म मराठी आणि हिंदीत, चार ओळींचा केला, फोनवर सांगितले तरी आम्ही लिहून घेऊ असे कळवले, तेव्हा वळणावर उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांचे रिफ्लेक्टर झिजल्याने त्या अंधारात दिसत नाहीत, हे एका ड्रायव्हरदादांनी पहिल्यांदा सांगितले. त्यांना ते कधीपासून ठाऊक होते. रिफ्लेक्टर बदलल्यावर आम्ही त्यांना बोलावून दाखवले, आणि त्यानंतर त्यांच्या पाळीतून रिपोर्ट येऊ लागले. रिपोर्ट करणाऱ्याला काही दिवसांत उत्तर जायलाच हवे, उपाय लांबणार असेल तर तसे सांगणारे का होईना.

पहिल्या वर्षी जमेल तितक्या वेळा रात्रपाळी मागून घ्या. सकाळच्या पहिल्या उड्डाणांआधीचे तास, शिफ्टचा हँडओव्हर, अर्धवट राहिलेले आणि तोंडी सोपवलेले काम, पावसात एप्रनवर साचलेले पाणी हे सारे तेव्हा प्रत्यक्ष दिसते, आणि दिवसा ऑफिसात बसून रजिस्टर भरणाऱ्याला त्यातले फार थोडे कळते. सोबत वही ठेवा, पण समोरचा बोलत असताना ती उघडू नका. त्याचे बोलून झाल्यावर, त्याला विचारून, मगच लिहा.