नागपूरच्या उन्हाळ्यात ॲनिमोन जगवताना

नवा बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तो पार आक्रसलेला, तोंड सैल आणि उघडं. अमोनिया शून्य, नायट्रेटही ठीक. मग खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर काढला. सकाळी 1.025 असलेली खारटपणाची पातळी (विशिष्ट गुरुत्व) रात्रीपर्यंत 1.027 च्या आसपास! मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात, हवा कोरडी ठक्क, त्यात पाणी थंड ठेवायला टाकीवर पंखा. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. मासे हे एकवेळ सोसतात, ॲनिमोन नाही.

म्हणून फ्लोट स्विचवर चालणारा छोटा पंप बसवला. पाणी जरा उतरलं की तो आरओचं पाणी टाकतो. त्यात मीठ घालायचं नाही, नाहीतर मुसळ केरात. खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि टाकीवरचा पंखा निकामी ठरतो, त्यामुळे शेवटी पाणी थंड करणारा चिलर घेतलाच, 26 अंशांवर. खिशाला चाट बसली, पण विदर्भात इलाज नाही.

पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीवर स्पंज बांधला, कारण ॲनिमोन जागा शोधत सरकतो आणि पंपात गेला की त्याच्या चिंधड्या होऊन अख्खी टाकी नासते. लाईट कमी ठेवून हळूहळू वाढवला. तोंड घट्ट मिटेपर्यंत खायला काही दिलं नाही. आता खडकाच्या फटीत पाय रोवून बसलाय, कोळंबीचा बारीक तुकडा लगेच धरतो. ॲनिमोनमध्ये घर करणारे क्लाउनफिश मासे अजून त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.