क्षेत्रफळाची शाब्दिक उदाहरणे वर्गसमीकरणाच्या सूत्राने कशी सोडवावीत?

वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ असूनही क्षेत्रफळाचे उदाहरण अडते, ते बहुधा दोन ठिकाणी: समीकरण मांडताना, आणि आलेल्या दोन मुळांपैकी कोणते ठेवायचे हे ठरवताना. ही दोन्ही ठिकाणे पुढील उदाहरणात सावकाश पाहू.

३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा आयताकृती भूखंडाच्या आतून, चारही कडांना लागून, सारख्या रुंदीचा रस्ता सोडायचा आहे. मध्ये बागेसाठी ४०० चौरस मीटर जागा उरायला हवी, तर रस्ता किती रुंद असावा?

पहिली पायरी: आकृती काढावी. एका आयतात दुसरा आयत काढून, जे विचारले आहे त्यालाच, म्हणजे रस्त्याच्या रुंदीला, क्ष मीटर मानावे.

दुसरी पायरी: समीकरण मांडावे. रस्ता दोन्ही बाजूंना असल्यामुळे बागेची लांबी (३० − २क्ष) आणि रुंदी (२० − २क्ष) होते. येथे एकच क्ष वजा करण्याची चूक फार होते.

(३० − २क्ष)(२० − २क्ष) = ४००

गुणाकार केल्यावर डावी बाजू ६०० − १००क्ष + ४क्ष² अशी होते. या तीन पदांचा अर्थ आकृतीत शोधून पाहावाच. ६०० हे पूर्ण भूखंडाचे क्षेत्रफळ आहे. १००क्ष म्हणजे कडांलगतच्या चार पट्ट्या; पण त्या वेगवेगळ्या वजा करताना चारही कोपऱ्यांतले क्ष बाजूचे चौरस दोनदा वजा होतात, म्हणून ४क्ष² परत मिळवावे लागतात. समीकरणात वर्गपद येते ते या कोपऱ्यांमुळे.

तिसरी पायरी: सामान्यरूप द्यावे. सर्व पदे एका बाजूला घेऊन ४ ने भागल्यास क्ष² − २५क्ष + ५० = ० मिळते.

चौथी पायरी: सूत्र वापरावे. अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाची मुळे अशी मिळतात:

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ

(सूत्र आठवले नाही, तर स्थिरपद उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना ४अ ने गुणावे आणि ब² मिळवावे, डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो. ही रीत श्रीधराचार्यांची असून ती आपल्यापर्यंत पोहोचली भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातील उल्लेखामुळे.)

येथे अ = १, ब = −२५, क = ५० असल्याने विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालील ब² − ४अक, ६२५ − २०० = ४२५ येतो. ४२५ हा पूर्ण वर्ग नाही, म्हणून अवयव पाडत बसण्यात अर्थ नाही. √४२५ सुमारे २०.६२ धरल्यास क्ष = २२.८१ किंवा क्ष = २.१९.

पाचवी पायरी: मुळे आकृतीशी ताडून पाहावीत. ‘ऋण मूळ सोडून द्यावे’ एवढाच नियम लक्षात ठेवणारा येथे अडेल, कारण दोन्ही मुळे धन आहेत. परंतु रस्ता २२.८१ मीटर रुंद धरला, तर बागेच्या बाजू −१५.६२ आणि −२५.६२ होतात. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येत असल्यामुळे समीकरणाला हे मूळ चालते. २० मीटर रुंदीच्या जमिनीला मात्र चालत नाही. म्हणून चलाची मर्यादा, येथे ० < क्ष < १०, समीकरण मांडतानाच लिहून ठेवावी. उत्तर सुमारे २.१९ मीटर. ताळा: २५.६२ × १५.६२ म्हणजे ४०० च्या अगदी जवळ.

कधी विवेचकच ऋण येतो. ४० मीटर कुंपणात १२० चौरस मीटरचा आयत बसवायचा असेल, तर क्ष(२० − क्ष) = १२० यावरून विवेचक ४०० − ४८० = −८० येतो, म्हणजे असा आयत असूच शकत नाही. क्ष(२० − क्ष) हे १०० − (क्ष − १०)² असेही लिहिता येते, त्यामुळे त्या कुंपणात जास्तीत जास्त १०० चौरस मीटर जागा मावते, तीही १० मीटर बाजूचा चौरस केला तरच.