निघण्याआधी घरच्यांशी एवढं बोलून घ्या

येत्या सत्रासाठी परदेशी शिकायला निघणारी मुलंमुली आम्हा इथल्या जुन्या मंडळींना खोली, बँक, कपडे, प्रवास यांबद्दल पुष्कळ विचारतात. घरच्यांचा निरोप कसा घ्यायचा, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि इथे आल्यावर रात्री उशिरा फोन करून जे मन मोकळं करतात, ते बहुतेकदा त्याच विषयावर. म्हणून तुम्ही निघायच्या आतच लिहिते आहे.

निरोपाचं बोलणं विमानतळासाठी राखून ठेवू नका. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोचलात तरी तो वेळ रांगा आणि कागदपत्रांतच जातो. बॅग २३ किलोच्या वर भरते, पॉवर बँक चेक-इनच्या सामानात राहिलेली असते, मग तिथेच जमिनीवर बॅग उघडून उपसाउपशी सुरू होते आणि आई-बाबा बाजूला नुसते उभे राहतात. बॅगा घरीच वजन करून दोन दिवस आधी बंद करा. ते दोन दिवस माणसांसाठी ठेवा.

सगळ्यांना एकत्र बोलावलंत तर मजा येते, पण कोणाशीच धड बोलणं होत नाही. एकेकाला वेगळा वेळ द्या. जे मोकळेपणी बोलत नाहीत, त्यांच्याबरोबर एखादं काम काढा, म्हणजे हात चालू असताना बोलणं आपोआप निघतं. धाकट्या भावंडाला ‘आता आई-बाबांकडे तूच बघ’ असं सांगून जाऊ नका. त्या वयाला ते ओझं फार होतं. तुम्ही लांबून कोणती कामं सांभाळणार आहात, ते त्याला सांगा. आजी-आजोबा थकलेले असतील, तर ही भेट शेवटची ठरू शकते हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं. त्यांनी तो विषय काढला तर ‘असं काही बोलू नका’ म्हणून थांबवू नका. शांतपणे ऐका. त्यांची हरकत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाईट बातमी लपवायची नाही, हे घरच्यांशी स्पष्ट बोलून ठरवा. ‘परीक्षा चालू आहे, उगाच कशाला काळजी लावायची’ म्हणून आजारपणं, ऑपरेशनं मुलांपासून लपवली जातात. त्यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. पण एकदा का ते नंतर कळलं, की पुढच्या प्रत्येक ‘इकडे सगळं ठीक आहे’वर विश्वास बसेनासा होतो आणि मूल इथे दर फोनला आवाजावरून अंदाज बांधत बसतं. ही तळमळ मी फार जवळून पाहिली आहे. म्हणून नेमकं ठरवा: कोणाला रुग्णालयात दाखल केलं तर त्याच दिवशी कळवायचं, कोणी कळवायचं तेही आधी ठरलेलं असावं, आणि यायचं की नाही हा निर्णय तुमचा. हाच नियम तुम्हालाही लागू. नापास झालात, आजारी पडलात, पैसे संपले, तर घरी सांगायचं. तातडीने परतायची वेळ आलीच तर व्हिसावर पुन्हा प्रवेश मिळतो का, हे आताच तपासा. परतीच्या तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवा आणि ते कुठे आहेत, हे घरी माहीत असू द्या.

बँकेचे ओटीपी जुन्या नंबरवर येणार, तो बंद पडू देऊ नका. घरातल्या कोणाला तुमच्या वतीने सह्या कराव्या लागणार असतील तर मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून घ्या. परदेशातून ते करायला बरेच सोपस्कार लागतात.

फोनचा वार आणि वेळ ठरवा, पण रोज फोन करीन असं वचन देऊ नका. पहिल्या चुकलेल्या फोनलाच घर घाबरं होतं. युरोपात बहुतेक देशांत घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे-मागे होतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तिकडे जाणार असाल तर घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणखी एक गोष्ट त्यांना आधीच सांगा. परक्या देशात रुळण्याबद्दल मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली लिहिलं, त्यात सुरुवातीचा काळ नवलाईचा असतो आणि जड दिवस त्यानंतर येतात, असं त्यांनी मांडलं होतं. इथे वर्षानुवर्षं तेच दिसतं. सुरुवातीला हसतखेळत बोलणारं मूल पुढे गप्प झालं, तर ‘परत ये’ म्हणण्याची घाई नको, आणि ‘एवढा खर्च केलाय’ हे तर नकोच. नुसतं ऐकून घ्यायला सांगा.

निघताना विमानांच्या वेळा, खोलीचा पत्ता, विद्यापीठाचा आपत्कालीन नंबर आणि तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर कागदावर लिहून द्या. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांत दोनेक तास सहज जातात, तेवढा वेळ फोन येणार नाही हेही सांगून ठेवा. इथे कोणीच ओळखीचं नसेल तर माझ्याकडून नंबर घ्या आणि तो लिहून द्या.