अक्राच्या वॅक्स कापडांची गोधडी

घानात राहून आलेल्यांच्या कपाटात वॅक्स प्रिंटचे, म्हणजे राळ लावून रंगवलेल्या ठळक नक्षीच्या सुती कापडाचे, तुकडे हमखास साठलेले असतात. अक्राच्या मकोला बाजारात हे कापड मुळात सहा किंवा बारा वारांनी विकतात, पण जरा आर्जव केलं की दुकानातल्या बायका दोन वार कापूनही देतात. तिथे राहत होते तेव्हा प्रत्येक फेरीत एखादा तुकडा तरी घरी यायचाच. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या आंटीकडचं कातरणही मी मागून आणायची. या साठ्याची गोधडी करायची असेल तर पहिली गोष्ट: कापड बारीक कापू नका.

आपल्या गोधडीला बोटभर चिंधीही चालते, कारण साडीवरची बुट्टी लहान असते. वॅक्स प्रिंटची नक्षी ताटाएवढी असते. ‘न्सुबुरा’ नावाचं जे डिझाइन आहे, त्यात ठिपके विहिरीतल्या पाण्याच्या तरंगांसारखे वर्तुळात पसरत जातात. त्यातून तीन इंची चौकोन कापला तर हातात नुसते ठिपके येतात, विहीर जाते. ‘सिका वो न्ताबान’ म्हणजे पैशाला पंख असतात, त्यावरच्या उडत्या पाकोळीचंही तसंच. मान कापलेला पक्षी मला गोधडीवर बघवत नाही. म्हणून खाली दिलेल्या मापांत दोन आकार आहेत, नक्षी अख्खी ठेवायला मोठा आणि बाकीच्यांसाठी लहान.

आधी कापड निवडा. अस्सल वॅक्समध्ये कापडाच्या दोन्ही बाजूंना राळ लावून मग रंगवतात, त्यामुळे उलट-सुलट ओळखू येत नाही. राळेला तडे जाऊन त्यात रंग उतरतो, त्याच्या केसासारख्या बारीक रेषा दिसतात. जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करताना डच कारखानदारांना ही पद्धत सापडली. नेदरलँड्समधल्या हेलमोंडची व्लिस्को ही कंपनी 1846 पासूनची आहे, आणि घानात तेमा शहरात जीटीपी या कंपनीचं कापड छापलं जातं. नाव काठावरच छापलेलं असतं, कापण्याआधी वाचून घ्या. एका बाजूने फिकं दिसणारं कापड साध्या छपाईचं. तेही चालतं, पण बऱ्याचदा पातळ असतं. पॉलिएस्टर मात्र अजिबात घेऊ नका. शंका आली तर काठाचा एक धागा काढून, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून, चिमट्यात धरून जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख भुरभुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो.

मग धुवा. नवं वॅक्स कापड खळीमुळे पापडासारखं कडक असतं, ती खळ जायलाच हवी. प्रत्येक रंग वेगळा, गरम पाण्यात. धुतल्यावर ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून बघा. निळा किंवा लाल उतरत असेल तर पुन्हा धुवा. फडकं स्वच्छ राहीपर्यंत तो तुकडा बाजूलाच ठेवा. मीठ-व्हिनेगर घातल्याने रंग पक्का होतो असं सांगतात, पण या कापडावर त्याचा मला तरी उपयोग दिसला नाही. ओलसर असतानाच कडक इस्त्री करा.

आता माप. 60 बाय 90 इंचांची गोधडी एका माणसाला पुरते. ती 15 इंचांच्या 24 घरांत बसते, आडवी चार आणि उभी सहा. आठ घरं अख्ख्या नक्षीची: साडेपंधरा इंचाचा चौकोन. उरलेल्या सोळा घरांत प्रत्येकी चार लहान चौकोन, आठ इंचाचे, त्यांतले दोन नक्षीचे आणि दोन साध्या कापडाचे, तिरके समोरासमोर. म्हणजे लहान चौकोन 32 नक्षीचे आणि 32 साधे. सगळीकडे पाव इंच मार्जिन धरलं आहे, शिवल्यावर माप बरोबर येतं. साधं सुती कापड, 45 इंच पन्ह्याचं, अडीच वार घ्या, त्यातच कडेची पट्टीही निघते.

या साध्या कापडावर गोधडीचं सगळं रूप अवलंबून असतं. पांढरा रंग घेतला की प्रत्येक प्रिंट वेगळं ओरडतं. तुमच्या बहुतेक तुकड्यांत जो एक गडद रंग पुन्हा पुन्हा येतो तोच घ्या. माझ्या साठ्यात तो गडद निळा होता.

मोठे चौकोन कापताना पुठ्ठ्यात पंधरा इंचाची खिडकी कापा आणि ती कापडावर फिरवून बघा. विहीर खिडकीच्या मध्यभागी आली की खडूने खूण करा, आणि त्या खुणेच्या बाहेर सगळीकडून पाव इंच सोडून कापा. मध्यभागी नक्षी साधताना कापड थोडं वाया जातं, जाऊ द्या. ते कातरण कोपऱ्यांना लागणार आहे. चौकोन मात्र उभ्या-आडव्या धाग्याला धरूनच काढा, तिरका कापलेला तुकडा शिवताना ओढला जातो.

सगळी घरं फरशीवर मांडून ठेवा आणि एक दिवस येता-जाता बघा. दोन लाल शेजारी आले तर हलवा. मग मशीनला 14 नंबरची सुई लावून आधी लहान चौकोन, मग घरं, मग ओळी जोडा. शिवण नेहमी नक्षीच्या कापडाकडे मोडून इस्त्री करा. चार कोपरे जिथे मिळतात तिथे जाडी कमी होते.

अस्तराला आणि मधल्या थराला आपल्या जुन्या सुती साड्या. साडेपाच मीटरच्या साडीतून 96 इंचांचे दोन तुकडे निघतात, उभे जोडले की अस्तर तयार. दुसरी साडी तशीच जोडून मध्ये घाला. कापूस नको: वॅक्सचं विणकाम घट्ट, त्यात कापूस आला की हाताची सुई शिरत नाही. अक्रात डिसेंबर-जानेवारीत हर्मटानचे, म्हणजे सहाराकडून येणारे कोरडे वारे सुटतात तेव्हाच्या रात्रींना एवढं पुरतं, कोकणातल्या थंडीलाही.

तिन्ही थर ताणून मोठे टाके घाला, मग जाड सुती दोऱ्याने धावदोरा. मोठ्या घरांत टाका नक्षीच्या रेषेवरून न्या, वर्तुळाला वर्तुळ. लहान घरांत चार बोटांच्या अंतराने सरळ ओळी पुरेत. मध्यातून बाहेर शिवत या, म्हणजे चुण्या कडेला सरकतात.

कडेला अडीच इंची पट्टी दुमडून लावा. कोपऱ्यांसाठी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची रीत घ्या. आफ्रिकन वंशाच्या या बायका हल्याळ-यल्लापूरकडे कवंडी, म्हणजे त्यांची चिंध्यांची गोधडी, शिवतात. त्यांचा धावदोरा उलट, कडेकडून आत जातो, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंधीचं त्रिकोणी फूल असतं. फुलांशिवाय कवंडी उघडी मानतात. मघाशी बाजूला ठेवलेल्या कातरणातले तीन इंची चौकोन दोनदा तिरके दुमडा, तीन-चार त्रिकोण एकावर एक सरकवून कोपऱ्यात धरा आणि पट्टीबरोबरच शिवून टाका. टोकं बाहेर दिसू द्या.

पहिले काही वेळा गोधडी एकटीच धुवा, थंड पाण्यात, आणि सावलीत आडवी वाळत घाला. दोरीवर टांगली की ओल्या साड्यांच्या वजनाने धावदोरा ताणतो.