मापात बसला, मेगरवर पडला

ग्लास इपॉक्सीचं, म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी राळ यांच्या थरांच्या इन्सुलेशन शीटचं, काम पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मिलिंगवर माझा हात चांगला बसला होता. तेच नडलं. "प्लास्टिकच तर आहे, लोण्यासारखं कापतं," वरिष्ठ म्हणाले. कापतंही तसंच, पहिली काही मिनिटं. मग एचएसएस (हाय स्पीड स्टील) एंडमिलचे, म्हणजे मिलिंगच्या कटरचे, कोपरे गुळगुळीत, गोल. आत काच आहे, विसरू नका. सरळ कार्बाइडचं टूल घ्या, काम रोजचं असेल तर डायमंड कोटिंगवालं. बोथट टूल रेटत राहिलात की कड तपकिरी पडते आणि थर सुटतात. "अजून एक जॉब निघेल" म्हणणाऱ्यांचं मी तरी ऐकत नाही.

पण मला खरं बुडवलं ते कूलंटनं, म्हणजे कापताना टूलवर सोडायच्या द्रवानं. टर्मिनल बोर्डांचा, म्हणजे विजेच्या तारा जोडायच्या पाट्यांचा, लॉट होता. धूळ उडू नये म्हणून मी नेहमीचं पाण्यातलं सोल्युबल ऑइल सोडलं. कडा सुरेख आल्या, व्हर्निअरवर एकही जॉब बाहेर नाही. पुसले, पॅक केले. तिकडे ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, अर्ध्याहून जास्त पडले!

झालं असं, की शीटच्या दोन्ही तोंडांवर राळेचा थर असतो, तिथून पाणी सहजी शिरत नाही. पण आपण कापतो तिथे काचेच्या धाग्यांची टोकं उघडी पडतात. धागा आणि राळ यांच्यातल्या बारीक फटींतून पाणी आत चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. भोकांच्या आतल्या भिंतीही अशाच उघड्या. वरून फडकं मारून काय होणार? ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास काही तास ठेवल्यावर बरेच जॉब सुधारले, सगळे नाही. पाणी उडून गेलं तरी कूलंटमधला बाकीचा माल आतच राहतो. तेव्हापासून मी कोरडंच कापतो, टूलच्या तोंडाशी व्हॅक्यूमची नळी लावून. दमट जागी बसणाऱ्या जॉबच्या कडांना इन्सुलेटिंग वार्निश मारतो, पण आधी पूर्ण वाळवून. नाहीतर ओल आतच कोंडते.

धुळीला रुमाल पुरत नाही, नीट रेस्पिरेटर लावा. एअर गननं टेबल साफ करायची सवय सोडा. ती धूळ मशीनच्या स्लाइडमध्ये गेली तर पॉलिश पेपरचं काम करते, आणि बाहीत गेली तर रात्रभर खाज.

ड्रिल करताना जॉबखाली टाकाऊ शीटचा तुकडा घट्ट दाबून ठेवा, म्हणजे पलीकडचे थर फाटत नाहीत. कडेतून, थरांना समांतर भोक मारून आटे पाडायचं ड्रॉइंग आलं तर आधी डिझाइनवाल्याशी भांडा. तिथे थर उकलतात.

एवढं वाचून घाबरू नका. स्टीलपेक्षा हे काम हलकं आहे, आठवड्याभरात आवाजावरून टूल कळायला लागतं. माझा तर पुढचा लॉटही थोडा परत आलाच होता: भोकांच्या खुणा मी शिसपेन्सिलीनं केल्या होत्या, आणि ग्राफाइटमधून वीज वाहते.