कोकणात निवृत्त होताना: नोकरी कधी सोडावी, गावी कधी यावे

मुंबई-ठाण्यात आयुष्य काढलेल्या कोकणी माणसाच्या मनात निवृत्ती आणि गाव या दोन गोष्टी इतक्या एकत्र नांदत असतात की, नोकरी सोडण्याची आणि गावी कायमचे राहायला जाण्याची तारीख एकच असणार असे तो धरूनच चालतो. माझ्या मते या दोन तारखा स्वतंत्रपणे ठरवाव्यात आणि दुसरीची तयारी पन्नाशीतच सुरू करावी. पहिली तारीख पुष्कळदा नियमच ठरवतो: राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ५८ वर्षे, चतुर्थ श्रेणीसाठी ६० आणि केंद्राच्या सेवेत ६०. दुसरी तारीख मात्र सातबारा, पाऊस आणि घरातली माणसे ठरवतात, आणि त्यांच्यापुढे कोणत्याही कार्यालयाचा आदेश चालत नाही.

ज्यांना स्वेच्छानिवृत्तीचा मोह होतो, त्यांनी आधी पेन्शनचा हिशोब करावा. खासगी नोकरीतील ज्यांना भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते, त्यांचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. किमान दहा वर्षांची सेवा असल्यास पन्नाशीनंतर ते लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. बहुतेकांच्या बाबतीत ही रक्कम १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जात असल्याने ती महिन्याला काही हजारांपलीकडे जात नाही, हेही विसरू नये. सरकारी सेवेतील मंडळी निवृत्त होताना पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून त्याची ठोक रक्कम आधीच घेतात, म्हणजे त्याचे अंशराशीकरण करतात, आणि तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. गावच्या घराचे छप्पर बदलण्यासाठी असे पैसे घेणे समजू शकते; मुलाच्या लग्नाच्या थाटासाठी घेणे मला पटत नाही.

हाती येणाऱ्या ठोक रकमेतून दरमहा खर्चाची सोय करायची असेल तर पोस्टाची किंवा बँकेची ज्येष्ठ नागरिक बचत योजना पहिली पाहावी. तिची मुदत पाच वर्षांची आणि कमाल गुंतवणूक ३० लाखांची असते, आणि व्याज दर तिमाहीला मिळते, दर ८.२ टक्के धरला तर पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. साठीच्या आत, पण पंचावन्ननंतर निवृत्त होणाऱ्यांनाही ठरावीक मुदतीत हे खाते काढता येते. गावात राहणे स्वस्त असते हा समज अर्धाच खरा आहे. भाजी आणि भाडे वाचते, पण गवंडी, माडावर चढणारा पाडेली, बेणणीचे म्हणजे तण काढणारे गडी आणि तालुक्याला जाणारी रिक्षा यांचा खर्च शहरातल्या माणसाच्या अंदाजात नसतो. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, आणि ही दुप्पट सत्तरीनंतर, औषधांच्या खर्चाबरोबरच, दारात येते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. कोकणातील घरे आणि जमिनी बहुधा सामायिक असतात. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, खाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार, त्यांतील निम्मे हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, असे चित्र वाडीवाडीत दिसते. जोपर्यंत आपण गणपतीला आणि शिमग्याला चार दिवस येतो, तोपर्यंत त्याने कुणाचे काही अडत नाही. कायमचे राहायचे म्हणून न्हाणीघर वाढवायला घेतले की गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाचा, दगडही वादाचा होतो. म्हणून निवृत्तीच्या निदान सात-आठ वर्षे आधी सातबारा, आठ अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकीतल्या बदलांच्या नोंदी) काढून घ्यावेत, वारस नोंदी करून घ्याव्यात, ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर कोणाच्या नावाने आहे ते पाहावे आणि विजेचा मीटर कोणाच्या नावावर आहे तेही तपासावे. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि सर्वांच्या संमतीने वाटणी, हा क्रम ठेवावा. आत्या आणि बहिणी यांना वगळून केलेली घरगुती वाटणी पुढे टिकत नाही. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिलेला आहे. शिवाय ज्या थोरल्यांना कोणता कलम कोणी लावला आणि पायवाट कुठून होती हे तोंडपाठ आहे, ते हयात असेपर्यंतच हे काम सोपे आहे. ज्यांची कोकणात जमीनच नाही त्यांनी दलालाच्या शब्दावर समुद्रालगतचा तुकडा घेऊ नये. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सामान्यतः मूळचे शेतकरी असावे लागते; बिगरशेती झालेला भूखंडच, त्याचा आदेश स्वतः वाचून, घ्यावा.

कागद मार्गी लागल्यावर पाऊस पाहावा. मे महिन्यातला गाव आणि जुलैतला गाव ही दोन वेगळी गावे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते, कौल सरकले की माजघरात पातेली मांडावी लागतात आणि वीज गेली की ती कधी येईल हे लाइनमनही सांगत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर आणि दापोली-मंडणगडात माड-पोफळीच्या बागा झोपवल्या आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पुरात बुडाले. यातून घाबरून जावे असे नाही, पण नोकरी असतानाच साठलेली रजा घेऊन, आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी करून, पती-पत्नीने एकत्र जून ते सप्टेंबरपैकी शक्य तितका सलग काळ गावच्या घरात राहून पाहावे. घराला नेमकी कोणती दुरुस्ती हवी, विहिरीचे पाणी गढूळ होते का, मोबाइलला रेंज कोणत्या कोपऱ्यात मिळते, हे असे राहिल्याशिवाय कळत नाही. याच मुक्कामात पत्नीचे मतही खऱ्या अर्थाने समजते. पुरुष निवृत्त होतो म्हणजे त्याचे ऑफिस सुटते. बाईचे स्वयंपाकघर सुटत नाही, उलट गावी ते मोठे होते, आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसह ते आणखी फुगते. तिच्या शेजारणी, भजनी मंडळ, मुलीच्या घरी जायची लोकल, हे सारे सोडायला ती तयार आहे का, हे तिला स्पष्ट विचारावे आणि उत्तर नाही आले तर तारीख पुढे ढकलावी.

बागेची हौस असणाऱ्यांनी कॅलेंडर उलटे मोजावे. हापूसचे कलम लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षे आणि भरघोस उत्पन्नाला त्याहून बरीच अधिक लागतात, त्यामुळे लागवड पन्नाशीत झाली पाहिजे. काजूला त्यामानाने कमी धीर लागतो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती याच भूमीतल्या आहेत, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून किंवा वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राकडून खात्रीची कलमे घ्यावीत. असलेली बाग खंडाने देणार असाल तर कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारे रसायन) किती आणि कोणी घालायचे हे करारात लिहून घ्या. वर्षभरासाठी आलेला व्यापारी झाडाच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करीलच असे नाही. वानरांचा बंदोबस्त कसा करावा याला समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले मला माहीत नाही.

दवाखान्याचा प्रश्न थोडक्यात पण कठोरपणे तपासावा: रात्री दोन वाजता छातीत दुखले तर आपण कुठे जाणार आणि तिथे पोचायला किती वेळ लागेल? सिंधुदुर्गातली माणसे गोव्याला बांबोळीला जातात, रत्नागिरीची आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, चिपळूण परिसराला डेरवणचे रुग्णालय जवळ आहे. ज्यांना हृदयविकार किंवा डायलिसिस आहे त्यांनी वाडीतल्या घराऐवजी तालुक्याच्या गावी छोटी जागा घ्यावी, यात कमीपणा नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते; ते कार्ड आधीच काढून ठेवावे आणि नजीकचे कोणते रुग्णालय ते स्वीकारते याची चौकशी करावी.

दिवस कसा जाणार, याची चिंता मात्र उगाच केली जाते. ज्याची कुणीतरी वाट पाहते असे एखादे काम आठवड्यातून दोन-तीन वेळा असले की पुरे: शाळेतल्या मुलांना गणित शिकवणे, वाचनालयाचे हिशोब ठेवणे, शेजाऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे, चिपळूणचे १८६४ पासून. अशा संस्थांना वेळ देणारी माणसे नेहमीच कमी पडतात. एसटीत ६५ नंतर अर्धे तिकीट आणि ७५ नंतर मोफत प्रवास आहे, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातली न पाहिलेली देवळे, खाड्या आणि गड निवांत पाहता येतात. देवस्थानाच्या मानपानात आणि ग्रामपंचायतीच्या राजकारणात मात्र पहिल्या वर्षी कुणाचीच बाजू घेऊ नये. ‘आमच्या मुंबईला असे नसते’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नये.

मुंबईची खोली लगेच विकू नका. गावी दोन पावसाळे काढून होईपर्यंत ती भाड्याने द्यावी आणि करार अकरा महिन्यांचाच करावा, म्हणजे गाव मानवले नाही किंवा तब्येतीने साथ सोडली तर भाडेकरूशी भांडत न बसता परतता येते.